प्लगची परीक्षा

प्लग हा इंग्रजी शब्द मराठी घरांत आतां इतका रुळला आहे कीं, तो दोन निराळ्या वस्तूंचें नांव आहे हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. एक प्लग मोटारसायकलच्या एंजिनांत असतो. तो ठिणगी पाडतो आणि पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण पेटवितो. दुसरा प्लग सॉकेटांत बसतो आणि वीज वाहून नेतो. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी या दुसऱ्या प्लगवाटें भरली जाते. एकाचें काम आग पेटविण्याचें, तर दुसऱ्याचें काम आग लागूं न देतां वीज पोंचविण्याचें. तरीहि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत पहिल्या प्लगानें जो प्रश्न एकदां उभा केला, तोच प्रश्न आज दुसराहि विचारीत आहे. यांत नवें काय आहे, आणि जें नवें आहे त्यावर हक्क कोणाचा?

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं सरकारनें एक परीक्षा ठेविली आहे. ती विद्यार्थ्यांची नसून शोधांची परीक्षा होय. तिला पेटंटची परीक्षा म्हणतात. तिचा इतिहास आपल्या देशांत पावणेदोनशे वर्षांच्या घरांत जातो, आणि त्याची सुरुवातहि एका घरगुती वस्तूपासून झाली आहे. १८५६ सालच्या फेब्रुवारींत शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा हिंदुस्थानांत झाला, आणि ३ मार्च १८५६ रोजीं कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग नांवाच्या एंजिनियरानें पंखा ओढण्याच्या सुधारलेल्या यंत्रासाठीं अर्ज केला. छताला टांगलेला पंखा दोरीनें ओढीत बसण्यासाठीं साहेबलोकांच्या बंगल्यांत स्वतंत्र नोकर ठेवलेला असे. त्याच्या जागीं यंत्र बसविण्याची ही कल्पना होती. कायदा मात्र राणीची पूर्वसंमति न घेतां केलेला होता. म्हणून तो १८५७ सालीं रद्द झाला, आणि १८५९ सालीं कांहीं फेरफारांसह पुन्हां करण्यांत आला. पुढें १९११ सालच्या कायद्यानें पेटंटांचा कारभार नियंत्रक नांवाच्या अधिकाऱ्याकडे सोंपविला.

पेटंट म्हणजे बक्षीस अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते. ती बरोबर नाहीं. पेटंट हा एक सौदा आहे. शोधकानें आपली युक्ति लपवून न ठेवतां कागदावर अशी उघड लिहून द्यावयाची कीं, त्या धंद्यांतला जाणकार कारागीर ती वाचून वस्तु तयार करूं शकेल. त्याच्या मोबदल्यांत सरकार त्याला ठराविक वर्षें असा अधिकार देतें कीं, त्याच्या परवानगीवांचून ती वस्तु दुसऱ्या कोणीं करूं नये व विकूं नये. मुदत संपली कीं युक्ति सर्वांची होते. स्वातंत्र्यानंतर या सौद्यांत देशाचा वांटा किती, याची चौकशी झाली. न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांनीं १९५९ सालीं जो अहवाल दिला, त्यांत भारतांतील बहुसंख्य पेटंटें परकीयांच्या हातीं असून त्यांचा उपयोग येथील उत्पादनासाठीं फारसा होत नाहीं, हें स्पष्टपणें मांडलें होतें. त्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला व १९७२ सालीं अमलांत आला. २००२ सालच्या दुरुस्तीनें सर्व पेटंटांची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें ठरली.

सौदा म्हटला म्हणजे माल पारखून घेतला पाहिजे. तें काम परीक्षकाचें. महाराष्ट्रांतील अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या पेटंट कचेरीच्या कक्षेंत येतो. ही कचेरी अँटॉप हिल भागांत आहे. साधारणपणें अठरा महिन्यांनीं अर्ज प्रसिद्ध होतो. अर्ज केला म्हणजे परीक्षा आपोआप होते असें नाहीं. तिची वेगळी मागणी करावी लागते, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणें ती एकतीस महिन्यांच्या आंत करावयाची असते. परीक्षक तीन प्रश्न विचारतो. वस्तु नवी आहे काय? नवी असली तरी त्या धंद्यांतल्या जाणकाराला ती सहज सुचली असती काय? आणि ती उद्योगांत वापरतां येण्याजोगी आहे काय? याशिवाय कायद्याच्या तिसऱ्या कलमांत एक मार्मिक वगळणूक आहे. ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा दुबार योजना केली, आणि प्रत्येक उपकरण आपआपलें जुनेंच काम स्वतंत्रपणें करीत राहिलें, तर त्याला शोध म्हणावयाचें नाहीं. परीक्षक आपल्या हरकती लिहून कळवितो, अर्जदार सहा महिन्यांत उत्तर देतो, आणि दरम्यान कोणाहि नागरिकाला विरोध नोंदवितां येतो.

या साऱ्या परीक्षेचा प्राण अर्जाच्या शेवटीं लिहिलेल्या क्लेमांत असतो. क्लेम म्हणजे शोधकानें आपल्या हक्काभोंवतीं शब्दांनीं घातलेलें कुंपण. तें फार आंखूड घातलें तर शेजारी सहज वळसा घालून जातो; फार लांब घातलें तर गांवाची वहिवाटीची वाट आंत सांपडते. परीक्षकाचें कौशल्य यंत्र ओळखण्यापेक्षां हें कुंपण योग्य जागीं आणण्यांत अधिक असतें. तें कामीं आलें नाहीं किंवा वादांत सांपडलें म्हणजे काय होतें, हें या पट्ट्यानें पाहिलें आहे.

चाकणचें नांव मराठी मनाला प्रथम आठवतें तें तेथल्या किल्ल्यामुळें. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्ताखानाच्या अफाट सैन्याला तेथें जवळजवळ दोन महिने थोपवून धरलें होतें. पुढें चाकण कांद्याच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध झालें, आणि एकविसाव्या शतकांत मोटारींच्या कारखान्यांबद्दल. तिकडे पिंपरीस १९५४ सालीं सरकारी हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, त्यापाठोपाठ मोटारी, स्कूटरी व त्यांचे सुटे भाग करणारे लहानमोठे उद्योग वसत गेले. आकुर्डीस बजाज ऑटो कंपनीचा कारखाना उभा राहिला. पहिल्या प्लगची कथा या आकुर्डीच्या कंपनीची आहे.

लहान एंजिनाच्या सिलिंडरांत एकच प्लग असला म्हणजे ठिणगी एका बाजूस पडते, आणि ज्योत दुसऱ्या टोंकाला पोंचेपर्यंत क्षणाचा कांहीं भाग वायां जातो. हवा जास्त व पेट्रोल कमी असें मिश्रण वापरलें तर ही दिरंगाई वाढते. समोरासमोर दोन प्लग बसविले कीं दोन्ही बाजूंनीं ज्योत निघते, ज्वलन लवकर पुरें होतें आणि पेट्रोल वांचतें. या योजनेसाठीं बजाज ऑटोनें १६ जुलै २००२ रोजीं अर्ज केला. २००३ मध्यें ही योजना पल्सर मोटारसायकलींत डीटीएस-आय या नांवानें बाजारांत आली, आणि ७ जुलै २००५ रोजीं तिला १९५९०४ क्रमांकाचें पेटंट मिळालें.

येथें चिकित्सक श्रोत्याच्या मनांत शंका येणें साहजिक आहे. एका सिलिंडरांत दोन प्लग ही कल्पना जुनीच होती. विमानांच्या एंजिनांत एक प्लग बंद पडला तरी दुसरा चालावा म्हणून ती फार पूर्वींपासून वापरांत होती. मग दोन प्लग ही ज्ञात उपकरणाची दुबार योजना नव्हे काय? यावर बजाजचें म्हणणें असें कीं, आमचा क्लेम दोन प्लगांपुरता नाहीं. ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या लहान सिलिंडरांत, दोन झडपांच्या एंजिनांत, परस्परांसमोर बसविलेल्या प्लगांच्या जोडीचा आहे, आणि लहान एंजिनांत तिनें जो परिणाम साधला तो पूर्वीं साधलेला नव्हता.

२००७ च्या ऑगस्टांत तामिळनाडूंतील टीव्हीएस मोटर कंपनीनें हें पेटंट रद्द करावें असा अर्ज चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळापुढें केला. होंडा या जपानी कंपनीनें अमेरिकेंत मिळविलेल्या जुन्या पेटंटांत ही कल्पना आधींच आली आहे, असा तिच्या युक्तिवादाचा गाभा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तिनें १२५ घनसेंटिमीटर एंजिनाची फ्लेम ही मोटारसायकल जाहीर केली. तिलाहि प्लग दोन होते, परंतु झडपा तीन होत्या. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयांत गेलें. १६ फेब्रुवारी २००८ रोजीं एका न्यायाधीशांनीं दोन प्लगांच्या योजनेला महत्त्व देऊन टीव्हीएसला मनाई केली. टीव्हीएसनें मग एकाच प्लगची फ्लेम बाजारांत आणली. १८ मे २००९ रोजीं खंडपीठानें ती मनाई उठविली. क्लेममधले सगळे शब्द एकत्र वाचले पाहिजेत, आणि त्या शब्दांत दोन झडपा हेहि शब्द आहेत, याकडे त्यानें लक्ष दिलें. एकच कागद, एकच क्लेम. परंतु कुंपण कोठून कोठवर जातें याविषयीं दोन न्यायपीठांचीं मतें भिन्न झालीं.

१६ सप्टेंबर २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें टीव्हीएसला विक्री चालूं ठेवण्यास परवानगी दिली, मात्र विक्रीचा चोख हिशेब ठेवण्यास सांगितलें. याहून महत्त्वाचें म्हणजे पेटंटांसारखे दावे रोजच्या रोज चालवून साधारणपणें चार महिन्यांत निकालांत काढावे, अशी सर्वसाधारण आज्ञा केली. प्रत्यक्षांत मात्र या कंपन्यांमधला वाद २०१९ सालीं आपसांत मिटला. अर्जाच्या तारखेपासून मोजलेलीं पेटंटचीं वीस वर्षें २०२२ च्या जुलैंत भरत होतीं. त्यांतलीं बारा वर्षें वादांत गेलीं. शेवटीं तडजोड झाल्यामुळें क्लेम कोठपर्यंत पोंचतो याचा अंतिम निवाडा न्यायालयाच्या तोंडून कधीं ऐकूं आलाच नाहीं.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं ठिणगीच्या प्लगचा तंटा मिटला, त्याच २०१९ च्या ऑक्टोबरांत बजाज ऑटोनें विजेवर चालणारी चेतक स्कूटर लोकांपुढें आणली. १९७२ सालापासून मध्यमवर्गीय घरांच्या परिचयाचें असलेलें तें नांव आतां ठिणगीच्या प्लगची गरजच नसलेल्या गाडीला मिळालें, आणि तिचें उत्पादन चाकण येथें सुरूं झालें. पुढें चाकणलाच मर्सिडीझ कंपनीनें २०२२ सालीं विजेच्या मोटारीची जुळणी आरंभिली, आणि महिंद्रांनीं २०२४ च्या नोव्हेंबरांत आपल्या विजेच्या नव्या मोटारी जाहीर केल्या, त्यांचें उत्पादनहि चाकणलाच होतें. अशा रीतीनें या पट्ट्याचें लक्ष पहिल्या प्लगावरून दुसऱ्याकडे वळलें.

हा दुसरा प्लग वाटतो तितका साधा नाहीं. युरोपांत प्रचलित असलेल्या व भारतांतहि मोटारींसाठीं वापरांत असलेल्या एका प्रकारांत सात पिना असतात. तीन विजेच्या, एक परतीची, एक अर्थिंगची, आणि दोन इशाऱ्यांच्या. इशाऱ्याच्या पिनेंतून गाडी आणि वीज देणारें यंत्र यांचें संभाषण चालतें. किती वीज घेतां येईल हें यंत्र गाडीला सांगतें. पिनांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेविलेली असते. प्लग आंत जातांना अर्थिंगची पिन आधीं टेकते आणि इशाऱ्याची सर्वांत शेवटीं. काढतांना इशाऱ्याची आधीं सुटते. ती सुटतांच यंत्र प्रवाह बंद करतें, आणि मग विजेच्या पिना सुटतात. असें केलें नाहीं तर जोराचा प्रवाह वाहत असतांनाच पिना अलग होऊन त्यांच्यामध्यें विजेची कमान पेटेल, पिना जळतील आणि हाताला इजा होईल.

अशा प्लगचा अर्ज परीक्षकापुढें आला तर तो काय करील? प्रथम तो जुनें काय होतें तें शोधील. त्यासाठीं त्याला फार लांब जावें लागणार नाहीं. श्रोत्यांच्या घरांतील तीन गोल पिनांचा प्लग हातांत घेऊन पाहावा. १९३४ सालच्या ब्रिटिश मानकाचा तो वारसा आहे, आणि त्यांत अर्थिंगची पिन इतर दोहोंपेक्षां लांब व जाड आहे. कारण तेंच, ती आधीं जोडली जावी व शेवटीं सुटावी. म्हणून समजा, एखाद्या अर्जदारानें असा क्लेम केला कीं, "विजेच्या गाडीचा असा प्लग कीं ज्यांत अर्थिंगची पिन लांब आहे," तर परीक्षक तो नाकारील. गाडी नवी असली तरी युक्ति नव्वद वर्षांची आहे. अर्जदारानें पुढें लिहिलें कीं, प्लगांत उष्णता मोजणारें उपकरण असून प्लग तापतांच प्रवाह कमी होतो, तर परीक्षक म्हणेल कीं हेंहि आतां ज्ञात आहे. परंतु समजा, त्यानें तें उपकरण अशा विशिष्ट जागीं बसविण्याची रीति काढली कीं, धूळ आणि पावसाचें पाणी यांतून गेलेला प्लगहि पिना जळण्याच्या आधीं हटकून धोका ओळखतो, आणि हें मोजून दाखविलें, तर त्या मर्यादित युक्तीला पेटंट मिळण्यास हरकत नाहीं. क्लेमचें कुंपण आंत घेतलें जातें, पण जें आंत उरतें तें खरोखर अर्जदाराचें असतें.

ठिणगीचा प्लग आणि वीज भरण्याचा प्लग यांत एक मूलभूत भेद आहे, आणि पेटंटच्या दृष्टीनें तोच सर्वांत महत्त्वाचा. ठिणगीच्या दोन प्लगांची योजना एका कंपनीच्या एंजिनापुरतीच राहिली तरी रस्त्यावरच्या दुसऱ्या वाहनाचें कांहीं अडत नाहीं. वीज भरण्याचा प्लग मात्र एकट्याचा असूंच शकत नाहीं. त्याला दुसऱ्यानें बसविलेल्या सॉकेटांत जावें लागतें. तो जितका अनन्य, तितका निरुपयोगी. जगांतील मोठमोठ्या देशांना ही गोष्ट ठेंच लागल्यावरच कळली. जपाननें आपली एक पद्धति काढली, चीननें दुसरी, युरोपनें तिसरी. जर्मनींतील मेन्नेकेस कंपनीनें विकसित केलेला सात पिनांचा प्लग २०११ सालीं आंतरराष्ट्रीय मानकांत आला आणि २०१४ सालीं युरोपीय संघानें तो सार्वजनिक केंद्रांसाठीं ठरविला. भारत सरकारनें २०१८ च्या डिसेंबरांत सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठीं जीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, त्यांत एका केंद्रावर निरनिराळ्या पांच प्रकारच्या सोयी मांडलेल्या होत्या. त्यावरून गोंधळ किती होता हें कळून येईल.

दुचाकींची स्थिति आणखी बिकट होती. प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी. २०२१ सालीं बंगळूरच्या एथर कंपनीनें आपली जोडणी इतर उत्पादकांना खुली केली. पुढें नीति आयोग, विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, वाहन उत्पादक आणि पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन यांच्या सहकार्यानें हलक्या वाहनांसाठीं एक सामाईक जोडणी तयार झाली, आणि भारतीय मानक संस्थेनें २०२३ सालीं तिला मानक म्हणून मान्यता दिली. जी वस्तु पेटंटच्या कुंपणांत ठेवतां आली असती, ती वहिवाटीच्या वाटेवर आणण्याचा हा प्रयत्न होता. मानकांत पेटंट झालेली युक्ति आलीच, तर ती सर्वांना वाजवी आणि समान अटींवर वापरूं द्यावी, अशी आंतरराष्ट्रीय मानक संस्थांची रीति आहे. शिवाय भारतीय कायद्यांत सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. तिचा पहिला उपयोग २०१२ सालीं कर्करोगावरील एका औषधाच्या बाबतींत झाला.

यांत कोणाचें काय पणाला लागलें आहे, हें पाहिल्यावांचून हा इतिहास अपुरा राहील. भोसरींत किंवा चाकणच्या आसपास प्लास्टिकचें कवच, तांब्याच्या पिना, रबराची सील करणारे लहान कारखानदार आहेत. क्लेम फार रुंद मंजूर झाला तर साध्या पिनेसाठींहि त्यांना नोटीस येण्याचें भय. उलट त्यांच्यापैकींच एखाद्यानें खरीखुरी सुधारणा केली आणि परीक्षकानें ती ओळखली नाहीं, तर मोठी कंपनी ती उचलून नेईल आणि त्याच्या हातीं कांहींच राहणार नाहीं. आणि सोसायटीच्या आवारांत गाडी उभी करणाऱ्या गृहस्थाला तर कायद्याशीं कर्तव्यच नसतें. रात्रीं प्लग सॉकेटांत बसावा आणि सकाळीं गाडी निघावी, एवढीच त्याची मागणी असते. या तिघांचें हित एकाच टेबलावर, एकाच कागदांतील चार ओळींवर अवलंबून असतें.

आकुर्डीच्या तंट्यानें शिकविलें तें एवढेंच कीं, ज्या शब्दांचा नीट विचार परीक्षेच्या वेळीं व्हावयाचा, तो न्यायालयांत होऊं लागला म्हणजे फार महाग पडतो. दोन बलाढ्य कंपन्यांना तो पेलला, लहान कारखानदाराला पेलणार नाहीं. आणि ही परीक्षा बंद दाराआड होत नाहीं. प्रसिद्ध झालेला प्रत्येक अर्ज कोणालाहि विनामूल्य वाचतां येतो, आणि पेटंट मिळण्यापूर्वीं कोणीहि लेखी सांगूं शकतो कीं, ही युक्ति आमच्या कारखान्यांत दहा वर्षांपासून चालूं आहे, हा तिचा पुरावा. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यांत असा पुरावा ज्यांच्या कपाटांत पडून आहे असे जाणकार पुष्कळ असतील. परीक्षकापुढें जुन्या ज्ञानाचे जितके कागद येतील, तितकें कुंपण योग्य जागीं पडेल, आणि मुदत संपल्यावर जें ज्ञान सर्वांच्या स्वाधीन व्हावयाचें तेंहि तितकेंच निर्मळ असेल.